गणित शिक्षणावर संशोधन करायचंय? पहिला प्रश्न लहान घ्या

'मुलांना गणिताची भीती का वाटते?' हा विषय तूर्त सोडून द्या. त्यात सगळंच येतं, म्हणून हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी एवढंच विचारा: ०.४५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.४५ म्हणतात, कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे. पहिल्या अभ्यासाला इतकं पुरतं.

सुरुवातीला हे सांभाळा:

- चारपाच मुलांशी निवांत बोला. "कसं काढलंस?" असं विचारून गप्प बसा. (शिक्षकाला हेच सर्वांत जड जातं!) मध्येच शिकवायला लागलात, तर मुलाचा विचार कळायचा राहून जातो.
- उत्तर बरोबर असलं तरी हाच प्रश्न विचारा. १९७३ साली स्टॅन्ली अर्लवँगर यांनी अमेरिकेतल्या सहावीच्या बेनीचा अभ्यास मांडला. चाचण्यांत तो छान पुढे सरकत होता. अपूर्णांकांचे नियम मात्र त्याने स्वतःच रचले होते. एकाच मुलावरचं हे काम आजही वाचलं जातं.
- बोलणं रेकॉर्ड करा, पण पालकांची परवानगी आधी घ्या.

नवखे बहुधा थेट शंभर प्रश्नावल्या वाटतात आणि टक्केवारी मांडून मोकळे होतात. दुसरी चूक जास्त घातक: 'माझी पद्धतच चांगली' हे सिद्ध करायला निघणं. मग तेवढंच दिसतं.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम जरूर पाहा. संख्याशास्त्र आणि जड सिद्धान्त नंतर. आधी दोन मुलाखती शब्दशः उतरवून काढा, मग पुढचं बोलू.