दोन रकाने खोडून टाक

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. आधुनिक मुस्लिम विचारवंतांचे दोन रकाने पाडलेस, डावीकडे ‘सुधारणावादी’ आणि उजवीकडे ‘परंपरावादी’. परीक्षेपुरतं ठीक आहे. समजून घ्यायचं असेल तर तो कागद बाजूला ठेव.

सुरुवात १९२५च्या कैरोपासून कर. आदल्या वर्षी मार्चमध्ये तुर्कस्तानच्या संसदेने खिलाफत, म्हणजे सगळ्या मुस्लिमांच्या प्रमुखाची गादी, मोडीत काढली होती, आणि त्या रिकाम्या गादीवर इजिप्तच्या राजा फुआदचा डोळा होता. नेमक्या त्याच वेळी अली अब्द अल-राझिक यांनी एक छोटं पुस्तक काढलं. पैगंबरांचं काम संदेश पोहोचवण्याचं होतं, राज्य उभारण्याचं नव्हे. खिलाफत हा धर्माचा भागच नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हे म्हणणारा कोण? अल-अझहर या कैरोच्या इस्लामी विद्यापीठात शिकलेला, शरियत न्यायालयातला काझी! दाखलेही कुराण-हदीसचेच. उलेमांनी त्यांचं आलिमपद काढून घेतलं, काझीपदही गेलं.

आता गंमत बघ. त्यांच्यावर तुटून पडलेल्यांत रशीद रिदा होते, म्हणजे मुहम्मद अब्दुह यांचे पट्टशिष्य. अब्दुह १८९९पासून इजिप्तचे मुफ्ती. तकलीद, म्हणजे पूर्वसुरींचं डोळे झाकून अनुकरण, सोडा आणि इज्तिहाद, म्हणजे मूळ ग्रंथांवरून स्वतःच्या बुद्धीने निर्णय, करा, असं सांगणारे. राझिकही त्याच विचारांच्या मुशीतले. इज्तिहादचा आग्रह रिदा आणि राझिक दोघांचाही; पहिला खिलाफतीच्या बाजूला गेला, दुसरा विरोधात. घाल आता कुणाला कुठल्या रकान्यात!

म्हणून कुणालाही वाचताना आधी एवढंच बघ, याचा वाद कुणाशी चालला आहे? पाकिस्तानचे फझलुर रहमान म्हणत, कुराणातली आयत, म्हणजे वचन, ज्या परिस्थितीत उतरली तिथे आधी जा, तिच्यामागचं तत्त्व शोध, मग ते घेऊन आजकडे परत ये. १९६८मध्ये त्यांच्या मतांवरून गदारोळ उठला, पद सोडावं लागलं, पुढे ते शिकागोला शिकवत राहिले. पद्धत मला पटते. पण तत्त्व कोणतं हे ठरवणार कोण? त्याचं पुरेसं उत्तर मला त्यांच्यात मिळालं नाही. तुला मिळालं तर कळव.

सुदानचे महमूद मुहम्मद ताहा आणखी पुढे गेले. पैगंबरांना आधी मक्केत उतरलेल्या आयतींचा संदेश कायमचा, नंतर मदिनेत आलेले कायदे त्या काळापुरते, ही त्यांची मांडणी. १९८३मध्ये सुदानचे राष्ट्राध्यक्ष निमेरींनी शरियत कायदे लागू केले, ताहांनी विरोध केला, आणि १८ जानेवारी १९८५ला त्यांना फाशी झाली. हेच निमेरी १९६९मध्ये समाजवादी म्हणून सत्तेवर आले होते, हे विसरू नकोस. एप्रिलमध्ये त्यांचीच सत्ता उलथली.

ट्युनिशियाच्या एन्नहदा या इस्लामी पक्षाने २०१६मध्ये धर्मप्रचार आणि राजकारण वेगळं केलं, त्यावर पुढच्या पत्रात. तोवर राझिक आणि रिदा समोरासमोर ठेवून वाच. रिदांपासून सुरुवात कर, कारण तुला ते आवडणार नाहीत.

तुझा,
काका