आजीवर दोन पानं लिहायचीत, काय लिहू?

प्रश्न: ताई, मी मूळची औसा तालुक्यातली, नोकरीमुळं आता पुण्यात असते. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, मागच्या साली येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, चार दिवस आधी गेली. आता वर्षश्राद्ध आलंय, त्या दिवशी गावात कीर्तन ठेवलंय आणि आजीवर दोन पानं छापून वाटायची असं घरात ठरलंय. माझं मराठी बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. तीनदा बसले, तीनदा तेच आलं. कष्टाळू, प्रेमळ, देवभोळी, नेटका संसार केला. हे तर कुणाच्याही आजीला लागू होतं. बाबांना विचारलं तर म्हणतात तिचं काय लिहिणार, सगळा जन्म रानात नि चुलीपुढं गेला, नावावर एक गुंठा नव्हता. जन्मसाल कुणालाच नक्की माहीत नाही, आधार कार्डवर १ जानेवारी टाकलंय. धड फोटो नाही. माझी आत्या फोनवर आजीचं काहीबाही सांगत असते पण ते सगळं साधंच, छापण्यासारखं नाही. ती माझ्यावर एवढा जीव लावायची आणि मला दोन पानं सुचेनात, फार वाईट वाटतंय.

उत्तर: अगं, वाईट नको वाटून घेऊस. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि माझी माय आठवली, मीही शेजारच्याच जिल्ह्यातली. तीही अशीच गेली, मागं काही लिहून न ठेवता, आणि तिच्यावर लिहायची वेळ आली तेव्हा माझ्याही वहीत पहिल्यांदा हेच शब्द आले होते.

आधी तो देवभोळी शब्द काढून टाक. भोळं माणूस मराठवाड्यात शेती नि संसार दोन्ही ओढू शकत नाही गं. माझी माय तिफणीमागं चाड्यावर मूठ धरायची. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, पुढं बैल, तिफणीवर लाकडी चाडं, आणि मागं चालणारी बाई ओटीतलं बी मुठीनं त्या चाड्यात सोडत जाते, तिथून नळ्यांतून ते जमिनीत. मूठ जास्त सैल पडली की दाट उगवतं, आवळली की तासंच्या तासं, म्हणजे पेरलेल्या ओळीच्या ओळी, मोकळी राहतात आणि मग वर्षभर सगळं गाव तुमचं रान बघून बोलतं. माय पेरताना सारखी तोंडात विठ्ठल विठ्ठल म्हणायची, मला लहानपणी वाटायचं ही देवाचं नाव घेतीय. एकदा मी मधेच काहीतरी विचारलं तर हातानंच गप्प बस म्हणाली आणि तास संपल्यावर ओरडली, "नाव तुटलं की मूठ चुकती, कळंना का तुला?" एका नावाला एवढंच बी, पुढच्या नावाला तेवढंच. तिची भक्ती आणि तिची पेरणी मला आजही वेगळी काढता येत नाही, आणि तुझ्या आजीचंही असंच काहीतरी असणार, ते शोध. ती कुठल्या कामाला काय म्हणायची, बी भरताना, दूध काढताना, पहिली भाकरी कुणाला टाकायची, एकादशी असूनही खुरपायला गेली तर दिवसभर कशावर राहायची. आषाढी नेमकी पेरणीच्या तोंडावर येते, मग तिची वारी कितीदा हुकली आणि पुढं कार्तिकीला तरी जायला मिळालं का, हे विचार. धार्मिक होती असं लिहिण्यापेक्षा हे लिही.

जन्मसालाचं म्हणशील तर आपल्याकडं एका पिढीच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस आधारवर १ जानेवारी नाहीतर १ जूनच असतो. तारखेच्या मागं लागू नकोस. जुनी माणसं काळ वेगळ्या खुणांनी मोजतात त्या धर. रझाकाराच्या वेळी, पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा म्हणजे १९४८ ला ती पाळण्यात होती का चालत होती, असं काही तिच्या माहेरचं कुणी ऐकलेलं असेल. ७२ च्या दुष्काळात लग्न होऊन किती वर्षं झाली होती, कडेवर कोण होतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती का, कामावर खायला वाटायची ती सुकडी नि रेशनची ती लाल मिलो ज्वारी घरात आलेली कुणाला आठवते का. तेव्हा तर लातूर जिल्हाही नव्हता, तो १९८२ ला झाला, त्याआधी तुम्ही आम्ही सगळे उस्मानाबादेत. अशा खुणा लावत गेलीस की वय आपोआप दोन-चार वर्षांच्या फरकानं हाती लागतं, आणि वयापेक्षा मोठं काहीतरी हाती लागतं.

आणि तुम्ही औश्याचे, म्हणजे किल्लारी तुमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपलेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, उन्हाळ्यात जे घर गार ठेवायचं त्यानंच त्या रात्री माणसं दाबली, हजारो गेली. तुमच्या घरी तेव्हा काय झालं हे बाबांना विचार, पण जपून विचार, त्या रात्रीचं बोलायला आपल्याकडची माणसं आजही पटकन तयार होत नाहीत. नुसतं एवढंच विचार की आजी दुसऱ्या दिवशी काय करत होती. माझ्या मायचं सांगते, आमचं घर उभं राहिलं होतं, ती तीन दगड मांडून अंगणात चूल पेटवून बसली आणि पीठ संपेपर्यंत भाकरी थापत राहिली, कुणासाठी ते तिनं विचारलं नाही, मधेच पदरानं डोळे पुसायची आणि परत परातीत हात. तेव्हा मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं.

नावावर गुंठा नव्हता, हे वाक्य मात्र जसंच्या तसं लेखात घे. बाबांना आवडणार नाही, तरी घे. जन्मभर ज्या रानात ती राबली त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, ही तिच्याच आयुष्यातली गोष्ट आहे. आणि जमलं तर बाबांना सांग की तुझ्या आईचं नाव आता तरी सोबत लावा, नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं, लक्ष्मी मुक्ती योजना म्हणतात तिला, तलाठ्याकडं चौकशी करा.

फोटोचं सोपं आहे. घरातल्या लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ काढून बघ, स्टेजवर ती नसेलच, मागं पंगतीत वाढताना नाहीतर कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसलेली सापडेल. नाहीच सापडली तर तिच्या वस्तूंचा फोटो छाप, तुळशीची माळ, झिजलेलं खुरपं, काठवट. आधारवरचा फोटो मोठा करून छापू नकोस, त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आत्या. तू लिहितेस की आत्या सांगते ते साधंच असतं, छापण्यासारखं नाही. बाळा, छापायचं तेच आहे. येळवस घे. आदल्या रात्री चूल विझत नाही आपल्याकडं, भज्जीला, म्हणजे त्या दिवशीच्या बेसन लावलेल्या मिसळ भाजीला, शेंगा सोला, पाला निवडा, चिंच भिजवा, पिठाचे उंडे वळा, आंबील घुसळा, आणि सकाळी ते सगळं डोक्यावर घेऊन रानात, तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, पाच पांडवांची पूजा, आल्यागेल्याला जेवण. बाबांना त्या दिवशीचं जेवण आठवत असेल. आत्याला रात्र आठवत असेल, कारण ती आईशेजारी चुलीपाशी बसली होती. तिला फोन लाव, रेकॉर्डिंग चालू कर आणि भज्जी कशी करायची आजी, एवढंच विचार. मीठ किती, बेसन कधी लावायचं इथून सुरू होऊन ती कुठल्या कुठं जाईल बघ. मधे अडवू नकोस. नंतर गावात गेलीस की आजीबरोबर सावडीनं, म्हणजे एकमेकींच्या रानात आळीपाळीनं, खुरपायला जाणाऱ्या ज्या दोन-चार म्हाताऱ्या उरल्यात त्यांच्याही पाया पडून ये, लेकासुनेला जे सांगितलं नसेल ते बाई रानात खुरपताना सोबतिणीला सांगते.

मग लिही, आत्याच्या तोंडची भाषा आहे तशी ठेव, प्रमाण मराठी करत बसू नकोस. दोन पानांत बसलं नाही तर चार कर, छपाईचा खर्च एवढा काही वाढत नाही. आणि कीर्तनाच्या आधी ते वाचायचं असेल तर घरातल्या पुरुषांपैकी कुणाला देऊ नका, माईक आत्याच्या हातात द्या. मधे आवाज अडकला तर अडकू दे, तू शेजारी उभी राहा.