जेवायला बोलावलं म्हणजे होकार दिला का?

मुलगी म्हणते, "आई, त्याला एकदा घरी आणू का?" आणि पुढच्या आठवड्यात आई माझ्यासमोर, समुपदेशनाला, बसलेली असते. तिचा पहिला प्रश्न सहसा जातीचा, पगाराचा किंवा पत्रिकेचा नसतो. "जेवायला काय करू?" असा असतो. मी तो हसण्यावारी नेत नाही. पहिल्यांदा घरी येणाऱ्या स्थळासाठी आपल्याकडे एक ठरलेला कार्यक्रम आहे: पोहे, चहा, ट्रे घेऊन आलेली मुलगी, कोपऱ्यात मामा आणि जाताना "कळवतो". ज्यांनी आपापलं जमवलंय त्यांच्यासाठी असं काही ठरलेलं नाही. मग पालक जुनाच कार्यक्रम काढतात, पोह्यांच्या जागी पंचपक्वान्नं मांडतात आणि घरातले सगळे अवघडून बसतात.

ठाण्याच्या एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. घर सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू), म्हणजे रविवारचं मटण आणि कोलंबीची खिचडी ही नुसती चैन नव्हे, घराची ओळख. मुलगी 28 वर्षांची. तिचा मित्र मुलुंडचा, कच्छी जैन. डिसेंबर सुरू झालेला होता आणि मुलीने नाताळच्या सुट्टीच्या आसपासचा रविवार सुचवला होता. बाईंनी पर्समधून घडी केलेले कागद काढले. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी जैन स्वयंपाकाचा जवळजवळ अभ्यासक्रमच लिहून आणला होता. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आलं नाही. सुंठ चालते. वांगं बहुबीज म्हणून नको. कच्चं दही आणि डाळ एकत्र नको, म्हणजे दहीवडे बाद. सूर्यास्तानंतर जेवण नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून त्यांनी पाहुण्याला साडेपाचला पानावर बसवायचं ठरवलं होतं. नवी कढई घ्यायची होती, कारण जुन्या कढईत मासे तळलेले. आणि पाहुणे चौदा. आत्या, मावशी, थोरले दीर, कारण "नंतर कळलं तर बोल लागतो".

"यातलं त्याने स्वतः काय सांगितलंय?" मी विचारलं.

बाई थांबल्या. "त्याला कशाला विचारायचं? बरं दिसतं का ते?"

मी त्यांना कागदाच्या मागच्या बाजूला एक उभी रेघ मारायला सांगितली. डावीकडे त्या मुलाबद्दल जे नक्की माहीत आहे ते, उजवीकडे जे आपण धरून चाललोय ते. डावीकडे नाव, नोकरी आणि "उंच आहे" एवढंच आलं. उजवी बाजू भरून वाहिली. तो सूर्यास्तानंतर जेवत नसणार. आमच्या भांड्यांत खायला त्याला किळस येणार. त्याच्या आईने त्याला आमच्याबद्दल काहीतरी सांगून पाठवलेलं असणार. शेवटची ओळ त्यांनी जरा वेळाने लिहिली: जेवण चांगलं झालं तर आम्ही होकार दिला असं हे दोघे समजणार.

खरी अडचण त्या शेवटच्या ओळीत होती. बाईंचं मन अजून ठरलेलं नव्हतं. मनापासून रांधलं तर शब्द दिल्यासारखं होईल आणि हात आखडता घेतला तर मुलगी दुखावेल, अशा कात्रीत त्या सापडल्या होत्या. म्हणून त्या इतका चोख बेत आखत होत्या की कोणी बोट ठेवू नये, आणि मनाचं काय झालंय ते विचारूही नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत यावर फार भर आहे: इच्छेची मागणी झाली की चिंता वाढते. "जेवण बरं व्हावं" ही इच्छा माणसाला स्वयंपाकघरात नेते. "कुठे काही चुकताच कामा नये" ही मागणी रात्री दोन वाजता जागं करते. बाई खरंच दोन वाजता उठून व्हिडिओ बघत होत्या.

पुढच्या वेळी बाईंचे यजमान आले. "हिला सोडायला आलोय" असं म्हणत आत आले आणि पाऊणएक तास तेच बोलले. लग्न नवीन होतं तेव्हा त्यांनी मुलुंडला भाड्याने घर बघितलं होतं. सगळं ठरलं, आणि मग घरमालकाने विचारलं, "मच्छी-मटण खाता का?" त्यांनी खरं सांगितलं. घर गेलं. मुंबईत हा अनुभव अनेक मराठी घरांनी घेतलाय आणि तो अपमान वर्षं लोटली तरी बोथट होत नाही. "आता माझ्याच घरात, माझ्याच पैशाच्या फ्रिजमधलं मटण मी लपवू?"

मी त्यांना 'जुनं विसरा' असं म्हटलं नाही. कोणी घर नाकारलं तर राग येणारच, तो योग्यच. पण ज्याने नाकारलं तो वेगळा, जेवायला येणारा वेगळा, आणि येणारा तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. शिवाय मटण लपवा असं त्यांना सांगितलं तरी कोणी होतं? उजव्या बाजूची ती आणखी एक ओळ होती. "तुम्ही काय खाता ते त्याला सांगा की. फक्त उद्या बाजारात जाणार आहे हे सांगतो त्या आवाजात सांगा, आव्हान दिल्यासारखं नको."

ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तसं असेल तर रविवार कशाला? शनिवारी ठेवू. शनिवारी आमच्याकडे तसंही नसतं. मारुतीचा वार."

जो तिढा मला सोडवायचा होता तो त्यांनी एका वाक्यात सोडवला. कोणी कोणासाठी काही सोडायचं नव्हतं.

मग मुलीला बोलावलं. आई-बाबांसमोर तिला एवढंच विचारलं की या जेवणातून तुला काय हवंय. ती म्हणाली, "होकार नकोय. बाबाने त्याला एकदा बघावं, तो कसा बोलतो ते. भांडण करायचंच असेल तर माणूस बघून करा ना." बाई इतक्या मोकळ्या हसल्या की मला त्यांचं वय कमी झाल्यासारखं वाटलं. तिथेच ठरलं: ही भेट आहे, निर्णय नाही, आणि हे मुलगी त्यालाही आधीच सांगेल. माझ्या मते पूर्वतयारीतलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. ते बोलून टाकलं की भाज्यांची यादी आपोआप लहान होते.

तीच पाहुण्यांच्या यादीचीही गत झाली. चौदातले राहिले पाच: आई, बाबा, मुलगी, तो आणि आजी. आत्याला बाईंनी फोन करून सांगितलं, "अजून काही ठरलेलं नाही, ठरलं की पहिलं तुम्हाला." आत्या रुसल्या. रुसू द्यावं. चौदा जणांसमोर नवा मुलगा बसवला की तो बघण्याचाच कार्यक्रम होतो, तुम्ही त्याला काहीही म्हणा.

जेवणाबद्दल मुलीने त्याला सरळ विचारलं. सूर्यास्ताचं बंधन त्याला नव्हतं. भांड्यांचंही नव्हतं. बाहेर तो वडापाव खातो. पण या जेवणात कंदमुळं, कांदा-लसूण नसेल तर बरं, असं तो म्हणाला, कारण घरी गेल्यावर आई "काय जेवलास?" असं विचारणार आणि त्याला तिच्याशी खोटं बोलायचं नाही. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता. मुलुंडला कोणीतरी आईही बसली आहे, तिलाही दोन वाजता जाग येत असेल, हे तोवर त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं.

आणि मग आजी. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. घरात जैन स्वयंपाकावर एवढी खलबतं चाललेली ऐकून त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? चातुर्मासात आम्ही काय जेवत होतो?" आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांद्याची भजी-थालीपिठं खाऊन घ्यायची आणि मग चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. मराठी घरांत हे अगदी कालपर्यंत होतं आणि पुष्कळ घरांत आजही आहे. म्हणजे पाहुण्याला चालेल असा स्वयंपाक या घराला परका नव्हताच, फक्त व्हिडिओत शोधला जात होता. आजींनी बेत सांगितला: श्रावणी सोमवारसारखं वालाचं बिरडं, हिंग-जिऱ्याची फोडणी, नारळाचं दूध, आमसूल, गूळ. भेंडीची भाजी, काकडीची कोशिंबीर, वरण-भात-तूप-लिंबू, पोळ्या आणि शेवयांची खीर. मोड आलेल्या कडधान्यांचं जैन घरांत सारखं नसतं, काही खातात, काही वर्ज्य मानतात. त्याच्या घरी चालतात हे विचारून घेतलं. बाईंना कानवलेही करायचे होते. कानवले म्हणजे दिवसभराचं काम, ते दिवाळीला ठेवा असं मी सुचवलं. आजींनी शुक्रवारी नातीला समोर बसवून वाल सोलले. त्या दोघींचं त्या वेळी जे बोलणं झालं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

बारीकसारीक चार गोष्टी राहिल्या होत्या. त्याला हाक कशी मारायची? जावयाला अहो-जाहो करतात, मग त्याला आत्तापासून 'अहो' म्हटलं तर? मुलगी म्हणाली, 'अरे' म्हण, तो तुम्हाला काका-काकू म्हणेल. बाईंनी शर्टपीस, नारळ आणि 501 रुपयांचं पाकीट काढून ठेवलं होतं. ते कपाटात राहू द्या, असं मी म्हटलं. नारळ हातात पडला की आपल्याकडे माणसं तारखा बघायला लागतात. अधिक महिन्याचे 33 अनारसे द्यायची वेळ आली तर तेव्हा सगळं साग्रसंगीत करा. आणि एक गोष्ट मी जरा हट्टाने सांगितली: पोळ्या आधी करून डब्यात ठेवा आणि तुम्ही पानावर बसा. गरम पोळीसाठी ओट्याशी उभ्या राहिलात तर त्याला तुमची फक्त पाठ दिसेल.

यजमानांना कायद्याची एक शंका होती. जात-धर्म वेगळा म्हणजे 30 दिवसांची नोटीस लागते ना? ती विशेष विवाह कायद्यात, 1954 च्या. 1955 चा हिंदू विवाह कायदा जैन, बौद्ध आणि शीख यांनाही लागू आहे, त्यामुळे या दोघांना त्या कायद्याखालीही लग्न करता येईल. हे मी सांगितलं आणि लगेच हेही सांगितलं की हा विषय शनिवारी काढायचा नाही.

शनिवार कसा गेला ते बाईंनी नंतर येऊन सांगितलं. बिरडं किंचित गोड झालं. मुलगा कच्छी असल्याने हिंदीत बोलावं लागेल अशी तयारी यजमानांनी केली होती. तो आल्या आल्या मराठीत बोलायला लागला, शाळेतलं जरा पुस्तकी मराठी. आत्यांनी ऐन जेवणात व्हिडिओ कॉल केला, बाईंनी फोन स्वयंपाकघरात नेऊन उपडा ठेवला. "स्वतःचं घर आहे का?" हा प्रश्न व्हायचा तो झालाच, मुलीने डोळे वटारले, त्याने "भाड्याचं आहे" म्हणून सांगितलं आणि पुढे जेवला. आजींनी त्याला विचारलं, लहानपणी कोणाचा मार खाल्लास. त्यावर तो जो बोलत सुटला, की कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

खिरीच्या वेळी यजमानांनी मुलुंडच्या घराचा किस्सा सांगितला. हे आमच्या ठरलेल्यात नव्हतं. बाईंचा घास घशात अडकला. मुलगा ऐकत राहिला. त्याने माफी मागितली नाही, बाजूही घेतली नाही. म्हणाला, "काका, आमच्या बिल्डिंगमध्ये आजही असंच होतं." यजमान म्हणाले, "उद्या आमच्याकडे मटण असतं." तो म्हणाला, "माहीत आहे. सोमवारी हिच्या डब्याचा वास येतो."

यजमान हसले की नाही यावर घरात मतभेद आहेत. मुलगी म्हणते हसले. ते म्हणतात ठसका लागला.

निघताना आजींनी त्याच्या आईसाठी बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्यात काय काय घातलंय ते स्वतःहून मोजून सांगितलं: बेसन, तूप, पिठीसाखर, वेलची.

होकार अजून झालेला नाही. यजमानांना आणखी एकदोनदा भेटायचंय, या वेळी चहाला, बाहेर. मुलाच्या घरी अर्धीच कल्पना आहे, आणि तिथलं काम जास्त अवघड जाणार हे दोघांना माहीत आहे. परवा बाई परत आल्या होत्या. त्याच्या आईने मुलीला घरी बोलावलंय.

"हिने साडी नेसावी की ड्रेस घालावा?" त्यांनी विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच पर्स उचलली. "कळलं. त्यालाच विचारायला सांगते."