दिवसभर अंगमेहनतीचं काम असताना वेगळा व्यायाम हवाच का? आणि मग विश्रांती कधी घ्यायची?

व्यायाम हवाच. पण तुम्ही सध्या करताय तसा नको आणि तेवढाही नको. आधी झोप पुरी करा, मग व्यायामाचं बघू.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात सीएनसी मशीनवर (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्रावर) फिरती पाळी, त्यात वरचेवर ओव्हरटाइम. जवळच्या येळ्ळूर गावी घरची थोडी भातशेती. वय तिशीच्या आत. सहा महिन्यांपासून आठवड्यातले सहा दिवस जिम, कधी कधी रात्रपाळी संपवून थेट तिकडेच. तरी कंबर दुखते, झोप नीट लागत नाही, वजनं पुढे सरकत नाहीत. घरात वडील म्हणतात, ‘आम्ही कुठं जिमला गेलो होतो?’ आणि बायको शेतात राबते तर तिला व्यायामाची काय गरज, असंही सगळे म्हणतात. तुमचा प्रश्न आहे की काम, विश्रांती आणि व्यायाम यांचा मेळ कसा घालायचा.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे लोक तुमच्यासारखेच असतात. फाउंड्रीतले, मशीन शॉपमधले, वडगाव-शहापूरकडचे विणकर, खानापूर भागातले शेतकरी. आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘काम करूनच जीव जाऊलाय, आणि व्यायाम कशाला करूचा?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागातल्या कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघा. पोरं खोऱ्यानं हौद्यातली लाल माती उकरत असतात. तो त्यांच्या मेहनतीचाच भाग. खांदे, पाठ, पकड, दम, सगळं त्यात तयार होतं. त्याच वेळी शिवारात एखादा गडी तेच खोरं घेऊन बांध घालत असतो, हालचालही जवळजवळ तीच. पैलवानाचं अंग त्यातून भरतं आणि गड्याची कंबर धरते. असं का होतं? पैलवान थोडा वेळ जीव तोडून उकरतो आणि थांबतो. मग अंगाला तेल, अंघोळ, खुराक आणि दुपारची झोप. ती झोप वस्ताद मोडू देत नाही, कारण ती मेहनतीचाच भाग आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. गड्याला मात्र काम संपेपर्यंत थांबता येत नाही. कंबर भरून आली म्हणून खोरं ठेवलं तर रोज बुडतो, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच.

स्नायू वाढतो तो व्यायाम करताना नाही, नंतर. वजन उचलल्यावर पुढचे २४ ते ४८ तास स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचं काम वाढलेलं असतं. त्याला अन्न लागतं, झोप लागते. ती मिळाली नाही तर झीज तेवढी पदरात पडते. तुमची वजनं पुढे का सरकत नाहीत याचं उत्तर इथंच आहे. तुमची मेहनत कमी पडत नाहीये, भरून काढायला वेळ मिळत नाहीये.

दुसरी गोष्ट हृदयाची. दिवसभराच्या कष्टात नाडी आणि रक्तदाब तासन्‌तास थोडे चढलेले राहतात, पण हृदयाचा दम वाढावा इतका जोर सहसा लागत नाही. व्यायामात उलट असतं: थोडा वेळ चांगला जोर, मग पूर्ण उतार. डेन्मार्कचे संशोधक आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलं आहे. फावल्या वेळातला व्यायाम हृदयाला फायद्याचा ठरतो आणि जड अंगमेहनतीचं काम तसा फायदा देताना दिसत नाही, असं त्यांच्या अभ्यासांतून पुढे आलं. तरी सगळं काम वाईट, असं मी म्हणणार नाही. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता. म्हणजे काम कोणत्या प्रकारचं आहे त्यावर सगळं अवलंबून.

आणि तुमचं काम, स्पष्ट सांगतो, यातल्या कुठल्याच चांगल्या प्रकारात बसत नाही. मशीनसमोर एका जागी उभं राहणं म्हणजे ना चालणं, ना विश्रांती. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात-सुटतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. नुसतं उभं राहिलं की तो पंप बंद पडतो, पाय जड होतात. त्यात बहुतेक जण नकळत एकाच पायावर भार टाकून उभे राहतात, आणि जॉब (मशीनवर कापायचा धातूचा तुकडा) लावताना-काढताना एकाच बाजूला वळतात. पाळी संपेपर्यंत ही वळणं किती होत असतील!

म्हणून पहिला उपाय जिममध्ये नाही, मशीनपाशीच आहे. पायाखाली वीतभर उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकवा. कमरेवरचा ताण बदलत राहतो. मशीन जॉब कापत असताना टाचा वर-खाली करा, वीस-पंचवीस वेळा. जॉब उचलताना नुसतं धड वळवू नका, पाऊल टाकून अख्खं शरीर वळवा.

वाकायची रीतही एकदा नीट शिकून घ्या. घरात खोऱ्याचा दांडा असेल तो पाठीला उभा लावा. एक हात मानेमागे, एक कमरेमागे, दोन्ही हातांनी दांडा धरलेला. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडून बूड मागे ढकला आणि खाली या. तिन्ही जागा टेकलेल्या राहिल्या तर तुम्ही खुब्यातून वाकलात. मधेच माकडहाडापासून दांडा सुटला तर पाठीतून वाकलात. बहुतेकांचा पहिल्या दिवशी सुटतो. आरशाची गरज नाही, दांडाच सांगतो. हे जमलं की जॉब असो, भाताचं पोतं असो की जिममधला बार, सगळं याच रीतीनं उचलायचं.

आता झोप. मोठ्या माणसाला रोज किमान ७ तास लागतात. फिरत्या पाळीत ते कठीण आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच बाकी सगळं याभोवती बसवा. रात्रपाळी संपली की घरी या, थोडं खा आणि सरळ झोपा. जिमला जाऊ नका. खिडकीला जाड चादर लावून खोली अंधारी करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि घरच्यांना सांगा की दुपारपर्यंत कुणी उठवायचं नाही. येळ्ळूरच्या घरात दिवसा पाहुणे येणार, पोरं ओरडणार, देवळाचा भोंगा वाजणार, तेव्हा कानात कापसाचे बोळे घालायला संकोच करू नका. चहातल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनंतरही अंगात असतं, म्हणून पाळीच्या दुसऱ्या अर्ध्यात चहा नको. रात्रपाळीला निघण्याआधी वीस-तीस मिनिटं डोळा लागला तर फार बरं.

ओव्हरटाइमबद्दल एक सांगतो, पटलं तर बघा. १९४८ च्या कारखाने कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि सलग पाच तास झाले की किमान अर्धा तास सुट्टी ठेवली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून अंदाज मांडला, की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. घराचे हप्ते असतात, पैसे लागतात, सगळं मान्य. पण ज्या आठवड्यात ओव्हरटाइम जास्त, त्या आठवड्यात व्यायाम कमी करायचा, झोप नाही. आज नेमकं उलट चाललंय.

जिम सहा दिवसांवरून दोनवर आणा, फार तर तीनवर. दोन व्यायामांत किमान एक दिवस मोकळा ठेवा. पाऊण तास पुरे. एक प्रकार बसून उठण्याचा, एक खुब्यातून वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा, एक ओढण्याचा. ओढण्याचा सोडू नका, कारण मशीनवर तुमचे खांदे दिवसभर पुढे झुकलेले असतात. शेवटच्या खेपेला अजून दोन-तीन वेळा उचलता आलं असतं असं वाटत असताना थांबा. आपल्या आयुर्वेदानंही व्यायाम अर्ध्या ताकदीनंच करायला सांगितलाय. कपाळावर घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. कष्टाचं काम करणाऱ्यासाठी याहून शहाणा सल्ला मला माहीत नाही. पैलवान शेकड्यांनी जोर-बैठका मारतात, ते बघून मोह होतो, पण त्यांच्यामागे खुराक आणि दुपारची झोप असते.

दम वाढवायला चालणं ठेवा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आधी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी चाललेलं धरू नये असं होतं, २०२० पासून ती अट गेली. म्हणजे उद्यमबागेत बस एक थांबा आधी सोडून चाललात तरी ते जमेला धरा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चाला. सुट्टीच्या दिवशी राजहंसगड तुमच्या गावाच्या उशाला आहे. चढ चांगला लागतो, वर वाराही छान. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेर पडणं मुश्कील, तेव्हा घरात सूर्यनमस्कार घाला. रात्रपाळीच्या आठवड्यात एवढं चालणंच पुरे.

लावणी आणि सुगीच्या दिवसांत जिम पूर्ण बंद. भाताची कापणी करून आल्यावर पुन्हा वजनं उचलणं म्हणजे कमरेचा छळ. त्या दिवसांत संध्याकाळी पाच मिनिटं पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून धरा. दिवसभर पुढं वाकलेल्या पाठीला उलटा बाक मिळतो.

आता तुमच्या बायकोचं. मला तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला. लावणीला दिवसभर ओणवं, मग चुलीपुढं, मग भांडी. निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून तासन्‌तास बसतात. त्यांना कुणी ‘तुमचा व्यायाम होतोच की’ म्हटलं तर ते जितकं खोटं, तितकंच हेही. तिला व्यायाम हवा, पण कामाच्या उलट दिशेचा: भिंतीला पाठ लावून हात वर नेणं, पालथं झोपून छाती उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तसं हातात वजन घेऊन. मासिक पाळी थांबल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होऊ लागतात. तोपर्यंत स्नायू आणि हाडं जेवढी मजबूत करून ठेवता येतील तेवढी ठेवावीत, आणि ते आत्ताच्या वयात होतं.

पण तिला व्यायाम सांगण्याआधी तिची विश्रांती कुठून येणार ते बघा. बाईला ‘थोडी विश्रांती घे’ म्हणणं सोपं असतं. त्या अर्ध्या तासात भाकऱ्या कोण थापणार, पाणी कोण भरणार, पोरांचा अभ्यास कोण घेणार हे ठरलं नाही तर ती बसूच शकत नाही. माझ्याकडे आलेल्या कित्येक बायकांची पाठ औषधानं नाही, घरात काम वाटून घेतल्यावर सुधारली. तुम्ही जिमचे चार दिवस कमी कराल, त्यातली दोन संध्याकाळ तिला द्या. तिच्या व्यायामाच्या वेळी स्वयंपाकघरात तुम्ही असा. वडिलांनाही सांगा, त्यांच्या पिढीनं जिम केली नाही हे खरं, पण त्यांचे गुडघे आज कसे आहेत तेही विचारा, आणि प्रेमानं विचारा.

कमरेचं दुखणं असं वागल्यावर सहा-आठ आठवड्यांत उतरायला लागावं. मात्र कळ ढुंगणातून पायात खाली जात असेल, पाऊल उचलायला ताकद पुरत नसेल किंवा बधिरपणा वाढत असेल तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. चालताना छाती भरून आली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तरीही तसंच. वय तिशीच्या आत असलं तरी.