घरच्या घरी स्पूलवर गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर रेवॉक्स घ्यावा की टीॲक? आणि एवढा खटाटोप करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हार्मोनियम वाजवता, पत्नी गातात, आणि घरीच स्पूल टेपवर, म्हणजे मोठ्या चकतीवर गुंडाळलेल्या उघड्या टेपवर, रेकॉर्डिंग करायची हौस आहे. ओळखीत रेवॉक्स ए77 हा स्पूल टेपरेकॉर्डर विकाऊ आहे, आणि अमेरिकेतला मावसभाऊ टीॲक ए-3340एस पाठवतो म्हणतोय.

खटाटोप जरूर करा. ही दोन्ही मशीन मी वापरतो, आणि तुमच्या गरजेला ए77 घ्या असंच सांगेन. पण पैसे मोजण्याआधी मशीनला तानपुरा ऐकवा.

विकणारा बहुतेक एखादं भरगच्च वाद्यवृंदाचं गाणं लावून दाखवेल. त्या गर्दीत वेगातली थरथर झाकली जाते. तानपुऱ्यात ती लपायला जागा नसते. फोनवरच्या तानपुऱ्याचा आवाज सेकंदाला 19 सेंमीच्या वेगाने पाच मिनिटं टेपवर घ्या आणि हेडफोन लावून ऐका. षड्ज हळूहळू हेलकावत असेल, तर टेप दाबून धरणारा रबराचा पिंच रोलर कडक झालाय, स्पूल वाकडी आहे किंवा टेपचा ताण बिघडलाय. जवारीत एक बारीक खरखरीत कंप आला, तर टेप ओढणाऱ्या दांडीवर, म्हणजे कॅपस्टनवर, मळ बसलाय किंवा बेअरिंग गेलंय. मळ अल्कोहोलने निघतो, रोलर बदलता येतो. बेअरिंगचा खर्च मात्र किमतीतून वजा करून मागा. मग टेप काढून हेडवर, म्हणजे टेपवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, टॉर्च मारा. टेप घासून हेडवर चकचकीत पट्टा पडलेला दिसेल. त्या पट्ट्याच्या कडेला नख अडकत असेल, तर हेड बरंच झिजलंय.

ए77 स्वित्झर्लंडच्या विली श्टुडर यांच्या कंपनीने 1967 साली बाजारात आणला. तीन मोटरी, आणि कॅपस्टनचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किटने राखलेला, त्यामुळे वीज 50 हर्ट्झची असो की 60 ची, सूर ढळत नाही. टीॲकचं अमेरिकन मॉडेल तसं नाही. त्याची मोटर तिथल्या 60 हर्ट्झवर वेग पकडते. आपल्याकडे लोक 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतात आणि काम झालं असं समजतात, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. 50 वर ते मशीन सहा भागांऐवजी पाच भागच धावतं. तिथे काळी चारमध्ये घेतलेलं गाणं इथे पांढरी चारच्याही किंचित खाली उतरेल. उपाय आहे, मोटरची पुली 50 हर्ट्झच्या मापाची बसवायची. ती मिळवायची किंवा लेथवर करून घ्यायची तयारी असेल तरच भावाला वीस किलोंहून जड खोकं पाठवायला लावा.

टीॲकचं खरं वैभव त्याच्या चार ट्रॅकमध्ये, म्हणजे टेपवरच्या चार स्वतंत्र पट्ट्यांमध्ये, आहे. आधी हार्मोनियम घ्यायची, मग ती ऐकत गायचं, मग तबला. साध्या मशीनवर हे जुळत नाही, कारण आपण ऐकतो ते प्लेबॅक हेडवरचं आणि रेकॉर्ड होतं त्याच्या आधीच्या हेडवर. टीॲक आधीचे ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवतो, म्हणून सगळं एका रेषेत येतं. पण तुम्ही दोघं एकत्र बसूनच गाता-वाजवता, तर दोन ट्रॅक पुष्कळ झाले.

ए77 घेतलात की आधी मेन्सवरचे आणि मोटरचे जुने कॅपॅसिटर बदलून घ्या. पन्नास वर्षांचे झालेले हे भाग तडकतात आणि धूर सोडतात. नंतर बायस. रेकॉर्डिंग करताना गाण्याच्या सिग्नलबरोबर टेपवर एक कानाला न ऐकू येणारी उच्च वारंवारता जाते, तिचं प्रमाण म्हणजे बायस, आणि ते प्रत्येक जातीच्या टेपला वेगळं लागतं. 10 किलोहर्ट्झचा सूर रेकॉर्ड करत बायस वाढवत न्यायचा. आवाजाची पातळी शिखरावर जाऊन उतरू लागते, तिथून किती डेसिबल खाली थांबायचं ते टेपच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. लोक ज्याला टेपचा ‘उबदार’ आवाज म्हणून गौरवतात, तो पुष्कळदा चुकीच्या बायसने गेलेला तार सप्तकाचा उजेड असतो. नीट लावलेला ए77 तुम्हाला चकित करेल इतका स्वच्छ वाजतो. त्यासाठी एकच जातीची टेप ठरवा आणि तिलाच धरून राहा. नवी टेप आजही बनते, फ्रान्समध्ये आव्रांशला आरटीएम आणि अमेरिकेत एटीआर या कंपन्या बनवतात. आयात करावी लागते, स्वस्त नाही. तरी ‘न वापरलेली’ म्हणून मिळणारी 1970-80च्या दशकातली अ‍ॅम्पेक्स 406 किंवा 456 घेऊ नका. हवेतल्या ओलाव्याने तिचा चिकटद्रव सुटतो, टेप किंचाळते आणि हेडवर राप चढतो.

टेपचा स्वतःचा रंग हवा असेल तर तो तबल्यावर शोधा. पातळी जरा चढी ठेवली की चाटेवरच्या ‘ना’ची टोचणारी धार गोल होते आणि बायाँची घुमक पुढे येते. यात एक मेख आहे. रेकॉर्डिंगची पातळी दाखवणाऱ्या मीटरची सुई जड असते, तबल्याचा ठोका सुई हलायच्या आत होऊन जातो. तबल्याला सुई -8 च्या आसपास दिसली तरी प्रत्यक्ष ठोका बराच वर गेलेला असतो. हार्मोनियमचा भरलेला सूर शून्यापर्यंत नेलात तरी चालतो. आवाजाला मी जास्त जपतो, वरच्या षड्जावर फाटलेला गळा मला नको असतो. माइक थेट मशीनला लावू नका. कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर त्यात नाही. छोटा मिक्सर मध्ये घ्या.

आणि प्रयोग करा, त्यासाठीच तर हे मशीन! तानपुरा 19 वर घेऊन 9.5 वर वाजवा, तो एक सप्तक खाली उतरून असा खर्ज देतो की खोली भरून जाते. दोन वेगांचं प्रमाण तंतोतंत दुप्पट असेलच असं नाही, म्हणून त्यावर हार्मोनियम वाजवण्याआधी सूर जुळतोय का ते कानाने बघा. रेकॉर्ड आणि प्लेबॅक हेडमधल्या अंतराचा एको करता येतो: अंतर 4 सेंमी धरलं, तर 19 च्या वेगाला 0.21 सेकंदांनी पडसाद येतो, 9.5 ला त्याच्या दुपटीने. रेकॉर्डिंग झाल्यावर मात्र टेप उलटी गुंडाळू नका, आहे तशी शेवट बाहेर ठेवूनच डब्यात घाला. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर फिकट उमटतो. टेप अशी ठेवली तर तो ठसा मुख्यतः सुरामागून येतो आणि त्यात मिसळून जातो. नाहीतर आलापाच्या आधीच्या शांततेत पहिल्या ‘सा’चं भूत ऐकू येतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. रेवॉक्सबरोबर विकणारा जुन्या स्पूलांचं खोकं देईल, कदाचित फुकट. ती कोरी टेप समजू नका. आपल्याकडे गाण्याचे शौकीन घरगुती बैठका स्पूलवर घेऊन ठेवत, आणि अशी कितीतरी रेकॉर्डिंगं पुन्हा कुठेच नाहीत. रेकॉर्ड लावलं की टेप सर्वांत आधी इरेज हेडवरून जाते. तिथे गेलेलं परत येत नाही. दोन्ही चॅनलची लाल बटणं बंद ठेवा आणि पहिल्याच फेरीला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. टेप वाचवायला लोक चार ट्रॅकांवर वेगवेगळं रेकॉर्ड करत, म्हणून एकाच वेळी एक गाणं सुलटं आणि दुसरं उलटं ऐकू आलं तर घाबरू नका, ट्रॅक वेगळे काढावे लागतील. 9.5 वर लावूनही गायक फार चपळ वाटला तर टेप 4.75 च्या वेगाची आहे. ती कॉम्प्युटरवर निम्म्या वेगाने लावा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती मशीनवर चढवूच नका, टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या. खोक्यात कुणाचं गाणं निघालं ते इथे नक्की कळवा.