ठासणीच्या बंदुकीचा बार जुळवताना

प्रश्न : काका, नमस्कार. मी ओहायोत राहतो. हरणाच्या शिकारीसाठी ५० कॅलिबरची (अर्धा इंच नळीची) नवी इनलाइन, म्हणजे टोपी नळीच्या थेट मागे असलेली, ठासणीची बंदूक घेतली आहे. ४५ कॅलिबरची, २५० ग्रेनची (साधारण १६ ग्रॅमची) गोळी सॅबोत, म्हणजे गोळीभोवतीच्या प्लास्टिकच्या वेष्टनात बसवतो, खाली दारूच्या ५० ग्रेनच्या तीन वड्या. शंभर यार्डांवर तीन बारांची भोकं वीतभर पसरतात. गोळी बदलू का?

उत्तर : गोळीला इतक्यात हात लावू नका. आधी एक वडी कमी करा. १५० ग्रेनचा बार चालतो असं बंदुकीच्या पुस्तिकेत असेलही, पण तेवढ्या जोराचा सगळा ताण त्या प्लास्टिकच्या सॅबोवर येतो. शंभर यार्डांवरच्या हरणाला १०० ग्रेन भरपूर होतात. त्याहून बरं म्हणजे सुटी दारू घ्या, म्हणजे ८० पासून पाच-पाच ग्रेननी चढता येतं. वडीत ही सोय नाही. मात्र हे दारूचे ग्रेन मापट्याचे, म्हणजे आकारमानाचे, तराजूचे नव्हेत. ब्लॅकहॉर्न २०९ नावाची दारू मापट्याने १०० भरली तर तराजूवर साधारण ७० च भरते. तराजूवर १०० तोलून ओतणं धोक्याचं आहे. आणि काडतुसातली धूरविरहित दारू या नळीत कधीही घालायची नाही. नळी फुटते, माणसं जायबंदी होतात.

आता सॅबो. माझ्या मते बिघाड बहुतेकदा इथेच असतो, आणि लोक गोळ्यांवर पैसे घालवत बसतात. बार उडाल्यावर पुढे चालत जा आणि पडलेले सॅबो गोळा करा. पाकळ्या सारख्या उमलल्या असतील तर ठीक. पाकळी तुटलेली, बूड फाटलेलं किंवा वितळलेलं दिसलं, तर गोळी तीच ठेवून सॅबो बदला. एकाच गोळीसाठी जाड-पातळ भिंतीचे वेगवेगळे सॅबो मिळतात. गजाने ठासताना सारखा, घट्ट दाब लागला पाहिजे. अलगद घसरत गेला तर सैल आहे. अंगाचा भार टाकावा लागला तर फार घट्ट.

प्रत्येक बारानंतर एक ओलसर आणि एक कोरडी चिंधी नळीतून फिरवा. ट्रिपल सेव्हन नावाची दारू वापरत असाल तर हे टाळूच नका. तिची कडक काजळी तळाशी कड्यासारखी धरते आणि पुढची गोळी वरच अडकते. गोळी दारूवर पूर्ण टेकली की गजावर खूण करून ठेवा. नळी निवू द्या, तापलेल्या नळीत सॅबो मऊ पडतो. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला हे कळणार नाही.

पहिल्या, थंड नळीच्या बाराचं भोक वेगळं नोंदवा. रानात हरणावर तोच बार जाणार आहे.

पुढेमागे कोलोरॅडोला एल्क या मोठ्या हरणासाठी जाणार असाल तर ही सगळी जुळणी घरीच ठेवा. तिथे ठासणीच्या हंगामात सॅबो आणि दारूच्या वड्या दोन्हींना बंदी आहे, दुर्बीणही चालत नाही. तिथे पूर्ण ५० कॅलिबरची शिशाची गोळी आणि सुटी दारू घेऊन नव्याने नेम बसवावा लागेल.