पेडल दगडासारखे कडक, पण गाडी थांबत नाही

प्रश्न : ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार करत असलेल्या माझ्या जुन्या फ्रंट व्हील ड्राइव्ह सेदानच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा) आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) काढून मी बॅलन्स बारसह (पेडलचा जोर दोन सिलिंडरांत वाटणारी दांडी) दोन स्वतंत्र मास्टर सिलिंडर बसवले आहेत. पेडलची चौकट उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. मूळ सिलिंडर 7/8 इंची होता, म्हणून नवे दोन्हीही त्याच मापाचे घेतले. आता पेडल दगडासारखे लागते आणि गाडी थांबत नाही. बूस्टर परत बसवावा का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : बूस्टरचा विचार नंतर करू, कारण मूळ चूक सिलिंडरच्या मापात आहे. कंपनीच्या सिलिंडरमध्ये दोन पिस्टन एकामागे एक असतात आणि पायाचा सगळा जोर दोन्ही सर्किटना, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या ऑइलच्या दोन स्वतंत्र मार्गांना, मिळतो. तुमच्या रचनेत मात्र बॅलन्स बार तो जोर वाटून देतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला साधारण निम्माच मिळतो. 7/8 इंची पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 388 चौरस मिलिमीटर असते. निम्म्या जोरात पूर्वीइतका दाब हवा असेल, तर क्षेत्रफळही निम्मे हवे, आणि 5/8 इंची पिस्टनचे ते सुमारे 198 भरते. म्हणून पुढच्या चाकांसाठी 5/8 आणि मागच्यांसाठी 3/4 इंची सिलिंडर घेऊन सुरुवात करावी, म्हणजे मागचा दाब आपोआप पुढच्याच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास राहील. बूस्टर नसल्याने पेडलचे गुणोत्तरही वाढवावे लागेल : पेडल जिच्याभोवती फिरते त्या खिळीपासून पायाच्या पट्टीपर्यंतचे अंतर 300 मिलिमीटर असेल, तर पुशरॉड (सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) खिळीपासून 50 मिलिमीटरवर असावा.

याहून गंभीर शंका मला पाइपांची आहे. अशा बऱ्याच गाड्यांत एक सर्किट पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला जाते. ते तसेच ठेवून बॅलन्स बार फिरवला, तर गाडी एका बाजूला ओढेल. त्यामुळे पुढची दोन चाके एका सिलिंडरवर आणि मागची दोन दुसऱ्यावर, असे पाइप नव्याने टाकावे लागतील, आणि मागचा दाब कमी करणारा जुना व्हॉल्व्ह काढावा लागेल.

पेडल सोडल्यावर प्रत्येक पुशरॉडला सुमारे एक मिलिमीटर मोकळीक हवी. एका मित्राच्या गाडीत मी स्वतः ती ठेवली नव्हती; ऑइल तापून फुगले, परत टाकीत जाण्याचे छिद्र बंद असल्याने चाके हळूहळू जाम झाली आणि जळक्या पॅडचा वास आल्यावरच चूक कळली. पाइपांतली हवा काढताना पुढच्या चाकाचे एक आणि मागच्या चाकाचे एक निप्पल (हवा बाहेर सोडण्याचे तोंड) एकाच वेळी उघडावे, नाहीतर बार तिरका होतो आणि एक पिस्टन पूर्ण सरकत नाही. ब्रेक ऑइल डॉट 4 या दर्जाचे आणि नव्या डब्यातले वापरावे. ते ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनांक 230 अंश सेल्सिअसवरून 155 पर्यंत उतरू शकतो, तेव्हा आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर ते बदलावेच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा चाचणीसाठी चोर्ला घाट मनातही आणू नये. बंद, ओल्या मैदानावर कमी वेगात जोराने ब्रेक दाबून पाहावे आणि मागच्या चाकांआधी पुढची लॉक होईपर्यंत बार पुढच्या सिलिंडरकडे फिरवत राहावे.